खालून वर जाणारी वेबसाइट

त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर सुखाने नांदतं आहे. बाकी सगळे त्याला टॉर्च म्हणतात. बाविसाव्या वर्षी तो लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागला, तेव्हा उस्तादांनी त्याच्या हातात पहिली वस्तू दिली ती टॉर्च, आणि पुढची दोन वर्षं दुसरं काही दिलंच नाही. उस्ताद हात चालवायचे आणि हा उजेड धरायचा. आता गडी चाळिशीला आलाय, हाताखाली दोन माणसं आहेत, कानाजवळ पांढरं दिसायला लागलंय, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बायकोसुद्धा टॉर्चच म्हणते. ती खऱ्या नावाने हाक मारते तेव्हा हा हातातलं काम खाली ठेवतो, कारण तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं.

तर असा हा टॉर्च स्वतःची वेबसाइट बनवायला बसला आणि घरातल्या माणसांच्या नाकी नऊ आले. घरातली माणसं म्हणजे तो आणि बायको, तेव्हा सगळेच्या सगळे नऊ तिच्या वाट्याला आले. सकाळी दात घासता घासता हा बाहेर येऊन विचारणार, पाठीमागचा रंग काळा ठेवू का करडा. ती डबा भरत असताना हा लॅपटॉप तिच्या नाकासमोर धरणार. ती वाचनालयात पुस्तकांची मांडणी बघते, त्यामुळे कुठली गोष्ट कुठे ठेवावी यावर तिचं मत असतंच आणि ते ठाम असतं. पण तेही द्यायला हा माणूस तिला श्वास घेऊ देईना.

वेबसाइट कशाची, तर फोटोंची. लिफ्टमध्ये रोज ढिगाने माणसं चढतात नि उतरतात, पण ती जिथून चालते ती गच्चीखालची मशीनरूम कुणी पाहिलेली नसते, आणि ती जिथे टेकते तो तळाचा खड्डाही कुणी पाहिलेला नसतो. टॉर्चने पाहिलेला असतो. त्या खड्ड्यात फटीतून काय काय पडतं म्हणून सांगू. किल्ल्यांचे जुडगे, बाळाचा एकच बूट, न फोडलेलं पत्र, एकदा तर अख्खी कवळी हसत पडली होती. वर मशीनरूमच्या भिंतींवर आधीच्या मेकॅनिकांनी ग्रीसच्या बोटाने लिहिलेल्या तारखा असतात, सोळा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर असतं, झरोक्यातून उजेडाची एक पट्टी येऊन मोटरीवर बसलेली असते. या सगळ्याचे त्याच्याकडे दोन हजारांवर फोटो होते. दाखवावे कुणाला, तर आजवर कुणालाच नाही.

याला कारण उस्ताद. उस्तादांना कामाच्या जागी कॅमेरा म्हटला की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. एका हेल्परने शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या उभ्या पोकळीत, खिशातून फोन काढला, तर त्याला त्यांनी त्याच दुपारी घरी धाडला होता. माणसाला देवाने दोन हात दिलेत, तिसरा घेऊन यायचा असेल तर माझ्याकडे येऊ नका, असं ते म्हणायचे. टॉर्च त्यांच्याबरोबर अकरा वर्षं होता, आणि या अकरा वर्षांत डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या डब्याखाली, एक जुना कॅमेरा घेऊन तो कामावर जात होता.

मग फोटो काढायचा कधी? तर काम संपल्यावर. उस्तादांची पद्धत ठरलेली. शेवटचा स्क्रू आवळला की फडक्याला हात पुसायचे आणि म्हणायचे, मी चहा पिऊन येतो, तू झाडून घे, दहा मिनिटांनी लिफ्ट चालू करू. मग जिन्याने खाली जायचे. टॉर्च दोन मिनिटांत झाडू मारायचा आणि उरलेली आठ मिनिटं त्याची. उस्तादांना आपण कसं चकवलं, या खुशीत स्वारी अकरा वर्षं होती. पुढे उस्तादांचे गुडघे गेले, त्यांनी काम सोडलं, त्यालाही सात वर्षं झाली. टॉर्चची दहा मिनिटांची सवय मात्र सुटली नाही. अजूनही काम संपवल्याशिवाय तो कॅमेऱ्याला हात लावत नाही.

आता गंमत बघा. ज्या माणसाने शहरभरच्या लिफ्ट चालत्या ठेवल्या, त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि तो राहतो तिसऱ्या मजल्यावर. यावर उस्ताद स्वतः हसतात, दुसरं कुणी हसलेलं त्यांना चालत नाही. गुडघे गेल्यापासून ते खाली उतरलेले नाहीत. टॉर्च महिन्यातून एकदा जायचा, तेव्हा ते एकेका इमारतीची चौकशी करायचे, एखाद्या नातेवाइकाची करावी तशी. दवाखान्याची लिफ्ट अजून चौथ्या मजल्यावर कुरकुरते का? त्या कापडवाल्यांच्या मशीनरूमची काच बसवली का? टॉर्च सांगायचा आणि त्याच्या मनात यायचं, फोटो दाखवता आले असते तर.

आणि परवा कळलं की उस्तादांच्या मुलाची बदली झाली. सगळं घर दूरच्या गावी चाललं, रविवारी सामान निघणार आणि खुर्चीत बसवून उस्तादांना खाली उतरवणार. हे ऐकलं त्या क्षणी टॉर्चने ठरवलं. उस्ताद जाण्याआधी त्यांना त्यांच्या सगळ्या मशीनरूम परत दाखवायच्या. त्याही अशा, की ते कुठेही गेले तरी बसल्या जागी उघडून बघू शकतील. हातात होते नऊ दिवस.

तयार नमुने देणारी एक सेवा त्याने शोधून काढली, त्यात फोटो टाकत गेलं की पान आपोआप तयार होतं. पहिला फोटो पडद्यावर चढला तेव्हा हा माणूस खुर्चीतून उठून घरभर फिरून आला. दोन हजारांतून एकोणचाळीस निवडताना मात्र त्याचा जीव कासावीस झाला. बायकोने एका सुट्टीत बसून निम्मे उडवले. ती म्हणाली कवळीचे दहा-दहा फोटो नकोत, हा म्हणाला कवळी एकच आहे, ती म्हणाली तेच सांगतेय, एकच ठेव. भांडण झालं, कवळी एकच राहिली आणि साइट सुधारली.

खरं रामायण झालं ते मांडणीवरून. टॉर्चने ठरवलेलं, साइट म्हणजे एक इमारत. तळाला खड्डा, त्यावर बारा मजले, सगळ्यात वर मशीनरूम. खड्ड्यात आणि एकेका मजल्यावर तीन-तीन फोटो. इथपर्यंत झकास. पण पान उघडायचं ते तळाशी, आणि बघणाऱ्याने खालून वर जायचं. बायकोने कपाळाला हात लावला. साऱ्या दुनियेची बोटं वरून खाली जातात, पुस्तक वरून खाली वाचतात, तुझंच काय वेगळं, असं तिचं म्हणणं. टॉर्च म्हणाला, लिफ्टमध्ये शिरणारा माणूस गच्चीतून शिरतो का? यावर वाचनालयाने लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

पण साइटही ऐकेना. उघडली की सरळ माथ्यावर. टॉर्चने तीन सकाळी तिच्याशी झटापट केली, मदतीच्या पानांवरची सगळी प्रश्नोत्तरं पालथी घातली, आणि चौथ्या सकाळी त्याला तोडगा सापडला. आधी एक छोटं पान, त्यावर लिफ्टची बंद दारं आणि एक बटण. बटण दाबलं की थेट खड्ड्यात. बायको आंघोळीला गेली होती. हा दारावर थापा मारून सांगायला लागला की चालली, चालली. ती आतून घाबरून विचारते कोण चालली, कुठे चालली. ओल्या केसांनी बाहेर येऊन तिने बटण दाबलं आणि पान तळाशी जाऊन उभं राहिलं, तेव्हा मात्र तिलाही मनापासून आवडलं. किल्ल्यांच्या जुडग्यापासून ती एकेक मजला वर गेली आणि मध्येच दोनदा मागे वळून नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

साइट बनत असताना टॉर्चने दारांच्या त्या पानावर एक पाटी लावून ठेवली होती. कामावरची खरी पाटी, तिचाच फोटो: ‘काम चालू आहे. आत जाऊ नये.’ पाटी असली की बटण चालत नसे. ही उस्तादांची शिकवण. काम सुरू करण्याआधी पाटी लावायची, आणि ज्याने लावली त्यानेच काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. साइट बघायला अजून काळं कुत्रं येत नव्हतं, तरी याची पाटी शिस्तीत. तपासायचं असलं की काढायची, तपासून झालं की परत लावायची. नवीन लिफ्ट माणसं बसवण्याआधी दहा वेळा रिकामी वर-खाली चालवतात, तशी यानेही साइट दहा वेळा चालवली. लॅपटॉपवर, फोनवर, बायकोच्या फोनवर, आणि तिच्या वाचनालयातल्या त्या संगणकावर, जो स्वतः चालू व्हायलाच एक चहा घेतो.

शुक्रवारी सकाळी बायको म्हणाली, “सगळं छान आहे. पण मशीनरूम रिकामी का?”

सगळ्यात वरचा मजला खरंच रिकामा होता. टॉर्चने इकडचं तिकडचं सांगून बघितलं. मग तिने त्याला खऱ्या नावाने हाक मारली, आणि त्याने लॅपटॉपच्या एका कोपऱ्यातून अठरा वर्षांपूर्वीचा फोटो उघडला.

मशीनरूम. दोर जिथून खाली जातात त्या भोकाशी उस्ताद वाकलेले, पाठमोरे, टकलावर झरोक्याचा उजेड. उजवा हात चाकावर, डावा हात आत गेलेला, अर्धा अंधारात. आणि भिंतीवर टॉर्चच्या उजेडाचा गोल. बायको बघतच राहिली. इतका सुंदर फोटो त्याने पुढे कधी काढला नव्हता, हे तिला सांगावं लागलं नाही.

सांगावं लागलं ते दुसरंच. हा त्याचा कामावरचा पहिला फोटो. एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात कॅमेरा. काम चालू असताना. फोटो काढताना टॉर्च ढळली, उजेड हातावरून भिंतीवर गेला, आणि पुढच्याच क्षणी पत्र्याच्या कडेने उस्तादांचा अंगठा कापला. ते म्हणाले, कड लागली. फडकं बांधलं आणि काम पुरं केलं. अंगठ्यावर वण अजून आहे. टॉर्चला अठरा वर्षं तो वण बघवत नाही. आणि हा फोटो बघितला की उस्तादांना एका नजरेत सगळं कळणार होतं, कारण उजेड कुठे होता हे त्यात धडधडीत दिसत होतं. जाता जाता त्यांच्या मनातून उतरलो तर परत कुठे भेटणार, कधी समजावणार?

बायकोने फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाली, “शेवटच्या मजल्यावर लिफ्ट थांबत नसेल, तर तू ती दुरुस्त झाली म्हणून लोकांच्या ताब्यात देशील?”

 टॉर्चने फोटो मशीनरूममध्ये टाकला. संध्याकाळपर्यंत चार वेळा काढला आणि पाच वेळा टाकला.

शनिवारी दुपारी दोघं उस्तादांकडे गेली. घरभर खोकी. खुर्च्या बांधून झालेल्या, म्हणून एका खोक्यावर लॅपटॉप ठेवला. मोठ्या चाकाचा माउस टॉर्चने मुद्दाम आणला होता, कारण चाक फिरवून वर जाणं उस्तादांना पटेल हे त्याला ठाऊक होतं. सूनबाईंनी या दोघांना चहा आणि उस्तादांना गरम पाण्याचा पेला दिला. दर वेळी असंच असायचं. म्हातारपणी डॉक्टरने चहा बंद केला असेल, असं टॉर्चने सात वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. त्याचं आज कुठेच लक्ष नव्हतं. 

साइट उघडली. पडद्यावर दारं आली आणि दारांवर पाटी: ‘काम चालू आहे. आत जाऊ नये.’

टॉर्चच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटची तपासणी झाल्यावर याने शिस्तीत पाटी लावली होती आणि तशीच घेऊन आला होता. बायको चटकन माउसकडे गेली, तर उस्तादांनी तिचा हात अडवला.

“पाटी कोणी लावली?”

“मी, उस्ताद.”

“मग तूच काढ. आम्ही थांबतो.”

आणि खरंच हात मांडीवर ठेवून थांबले. टॉर्चने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. पाटी काढायची तर साइटच्या आतल्या बाजूला जावं लागतं, आणि तिथे सगळे मजले एकाखाली एक दिसतात. सर्वांत वर मशीनरूम. फोटोच्या कोपऱ्यात काढून टाकायची खूण. एक बोट लागलं असतं, कुणाला कळलंही नसतं. बायकोच्या तरी लक्षात आलं असतं, पण ती खोक्यांकडे तोंड करून बसली होती.  मग त्याने पाटी काढली, फक्त पाटी, आणि लॅपटॉप उस्तादांकडे फिरवला.

उस्तादांनी बटण दाबलं. खड्डा बघून ते एवढे हसले की सूनबाई आतून बघायला आल्या. कवळीची त्यांना आठवण होती, तिच्या मालकाचीसुद्धा. पहिला मजला, दुसरा, तिसरा. दवाखान्याची लिफ्ट त्यांनी नुसत्या दाराच्या कडेवरून ओळखली. कापडवाल्यांची काच अजून बसली नव्हती, त्यावर दोन शिव्या दिल्या. हा कोपरा आपण धुतला होता, हा बोल्ट मी बदललाय, ही तारीख माझ्या हातची आहे, बघ. गुडघे विसरून ते पुढे सरकत होते. टॉर्चला असं वाटत होतं की आत्ता कुणी त्याला उचललं तर तो छताला लागेल. नववा, दहावा, अकरावा, बारावा. आणि मग मशीनरूम.

उस्तादांनी चाक सोडलं. 

“हे माझं टक्कल,” ते म्हणाले. मग पुढे वाकून, “उजेड कुठे आहे?”

“भिंतीवर, उस्ताद.”

“आणि माझा हात?”

“अंधारात.”

“किती लांब?”

“वीतभर.” टॉर्चला आता थांबता येईना. “मी फोटो काढत होतो. अंगठा माझ्यामुळे कापला. अठरा वर्षं सांगायचं राहिलं.”

उस्तादांनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघितला, जणू आताच लागलंय. “ते मला तेव्हाच कळलं,” ते म्हणाले. “मशीन बंद असताना त्या खोलीत सुई पडली तरी ऐकू येते. तुझ्या डब्याखालचा तो कॅमेरा केवढ्याने वाजला.”

 मग तुम्ही मला घालवलं का नाही, एवढंच टॉर्चने विचारलं.

“घालवणारच होतो. पंधरा दिवस रागात होतो. पण कान लावून असायचो, काम चालू असताना तो आवाज परत कधी आला नाही. पोरगं समजलंय म्हटलं. मग दहा मिनिटं द्यायला लागलो.”

“द्यायला लागलात म्हणजे?” टॉर्च म्हणाला. “तुम्ही तर चहा प्यायला जायचात.”

यावर सूनबाई खो खो हसायला लागल्या. “बाबा आणि चहा? दादा, मी या घरात आले त्याला वीस वर्षं झाली. सासूबाई सांगायच्या, लग्नाच्या दिवसापासून त्यांनी यांना चहाचा घोट घेताना पाहिलं नाही. वास चालत नाही त्यांना.”

टॉर्चने उस्तादांच्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. गरम पाणी. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. अकरा वर्षं, आठवड्यात चार-पाच इमारती, दर वेळी दहा मिनिटं.

“मग तुम्ही जायचात कुठे?”

“कुठे जाणार? लिफ्ट बंदच असायची. एक मजला खाली उतरून जिन्यात बसायचो.” उस्तादांनी पेला खोक्यावर ठेवला. “घड्याळ बघत.”

टॉर्च सरळ रडला. चाळिशीचा माणूस, दोन माणसं हाताखाली असलेला, खोक्यांच्या मध्ये उभा राहून नाक ओढत रडला आणि त्याला त्याची जराही लाज वाटली नाही. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सूनबाई उगाच कप उचलायला लागल्या. उस्तादांना रडणं आवडत नाही, त्यांनी चाक फिरवून उरलेलं वरचं काही आहे का ते बघायला सुरुवात केली. मशीनरूमच्याही वर, गच्चीत म्हणा, टॉर्चने स्वतःबद्दल एकच ओळ लिहिली होती: ‘हे फोटो मी काम संपल्यावरच्या दहा मिनिटांत काढले.’ उस्तादांनी ती मोठ्याने वाचली आणि मान हलवली.

टॉर्चने बाहीला डोळे पुसले. दोन मिनिटं द्या म्हणाला, आणि लॅपटॉप ओढून घेतला. आधी पाटी लावली, शिस्तीत. मग ती ओळ खोडून नवीन लिहिली, दोनदा चुकली, बायकोने एक अक्षर दुरुस्त केलं. आणि लॅपटॉप परत खोक्यावर ठेवला. उस्तादांनी चष्मा वर सरकवून वाचलं:

‘पहिला फोटो मी चोरून काढला. बाकीचे सगळे, उस्ताद जिन्यात बसून होते तेव्हा काढले.’

उस्तादांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “झालं ना काम? मग पाटी काढ.”

टॉर्चने पाटी काढली, आणि उस्तादांनी पुन्हा खड्ड्यापासून सुरुवात केली.